पीसीएम घेण्याआधी त्याचा आलेख मागा

पीसीएमच्या माहितीपत्रकावर दोन आकडे ठळक टायपात छापलेले असतात: द्रवणांक २७ अंश सेल्सिअस, अप्रकट उष्मा किलोमागे २०० किलोज्यूल. आर्किटेक्ट ते उचलतो, छताखालच्या पॅनेलचे क्षेत्रफळ काढतो, गुणाकार करतो आणि एसीचा किती भार वाचेल ते ग्राहकाला सांगून मोकळा होतो. उन्हाळा लागला की खोली मात्र पूर्वीइतकीच तापते. मग पदार्थच खोटा निघाला, असा बोभाटा होतो. पदार्थ सहसा खोटा नसतो. ते आकडे ज्या चाचणीतून आले, तिचे त्या खोलीशी काही नाते नसते, एवढेच.

पीसीएम म्हणजे फेज चेंज मटेरियल. नाव परदेशी वाटले तरी वस्तू घरातलीच आहे. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास वितळते. म्हणून थंडीत पुण्या-नाशिककडे बाटली गोठते आणि कोकणात बहुधा पातळच राहते. वितळताना ते उष्णता शोषते, पण तेवढा वेळ त्याचे तापमान फारसे चढत नाही. गोठताना तीच उष्णता परत सोडते. जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकात ग्लासगोमध्ये बर्फावर प्रयोग करून हा अप्रकट उष्मा दाखवून दिला होता. किलोभर बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल लागतात. भिंती-छतांसाठी मात्र २० ते ३० अंशांच्या आसपास वितळणारे पदार्थ हवेत. ऑक्टाडेकेन हे मेण २८ अंशांना वितळते आणि किलोमागे सुमारे २४० किलोज्यूल घेते. कॅल्शियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट हा क्षार २९-३० अंशांना वितळतो, घेतो १७० ते १९०. कॅप्रिक आम्ल ३१-३२ अंशांचे आणि दीडशेच्या आसपासचे.

मोजमापाकडे वळण्याआधी एक हिशेब मांडायलाच हवा, कारण अनेक प्रकल्प तिथेच निकालात निघतात. चौरस मीटरमागे ५ किलो पीसीएम बसवले आणि ते खरोखर २०० किलोज्यूलचे असले, तर साठवण झाली १,००० किलोज्यूल. आता १२ सेंटीमीटर जाडीचा आरसीसी स्लॅब घ्या. त्याचा चौरस मीटर सुमारे २८८ किलो भरतो आणि अवघ्या चार अंशांनी तापला की जवळपास तेवढीच उष्णता पोटात घेतो, तीही फुकट. जाड स्लॅबच्या आणि विटांच्या घरात पीसीएमचा फायदा त्यामुळे तोकडा पडतो. त्याची खरी जागा हलक्या बांधकामात आहे: पत्र्याचे छप्पर, जिप्समच्या पार्टिशनचे ऑफिस, साइटवरची केबिन, प्रीफॅब वर्गखोली.

दुसरा हिशेब रात्रीचा. दिवसा भरलेले १,००० किलोज्यूल रात्रीच्या आठ तासांत बाहेर टाकायचे, तर चौरस मीटरमागे सतत ३५ वॅट जायला हवेत. घरातल्या शांत हवेत पृष्ठभाग आणि खोली यांच्यातल्या प्रत्येक अंश फरकामागे साधारण ८ वॅट जातात. म्हणजे रात्रभर खोलीची हवा पदार्थाच्या गोठणांकापेक्षा चार-साडेचार अंश खाली राहिली पाहिजे. एप्रिलच्या पुण्यात खिडक्या उघड्या ठेवून हे जमण्यासारखे आहे. मुंबईत मे महिन्याची रात्र २७ अंशांच्या आसपासच थांबते. तिथे २७ अंशांचा पदार्थ एकदा वितळला की पाऊस येईपर्यंत पातळ राहणार.

या दुसऱ्या हिशेबात जो शब्द आला तो गोठणांक, आणि माहितीपत्रकावर छापलेला असतो द्रवणांक. शुद्ध पाण्याच्या धड्यात दोन्ही एकच असतात. पीसीएममध्ये त्यांच्यात दोन, चार, कधी सात-आठ अंशांचे अंतर पडते. ते अंतर किती, याचे उत्तर मोजल्याशिवाय मिळत नाही.

मोजायचे सर्वांत रुळलेले यंत्र म्हणजे डिफरेन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर, बोलीत डीएससी. पर्किन-एल्मर कंपनीतल्या वॉटसन आणि ओनील यांनी ते १९६२ च्या सुमारास घडवले. पाच-दहा मिलिग्रॅम नमुना छोट्या धातूच्या डबीत बंद करायचा, शेजारी रिकामी डबी ठेवायची, दोन्ही एका ठरावीक वेगाने तापवायच्या आणि नमुन्याकडे जास्तीची उष्णता किती गेली ते नोंदवायचे. हे यंत्र महाराष्ट्रात दुर्मीळ नाही. औषधांच्या तपासणीसाठी अनेक फार्मसी महाविद्यालयांत ते असते आणि आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या केंद्रात बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासले जातात. अडचण यंत्राची नसते, सवयीची असते. औषधाच्या नमुन्यासाठी मिनिटाला १० अंश हा वेग अंगवळणी पडलेला असतो आणि पीसीएमही त्याच वेगाने तापवले जाते.

मिनिटाला १० अंश म्हणजे तासाला ६००. खोलीतली हवा तासाला दोन-तीन अंशांनी चढते. एवढ्या घाईत तापवलेल्या नमुन्याचा आतला भाग मागे राहतो, यंत्राचा तापमापक पुढे पळतो आणि वितळण्याचे शिखर वरच्या तापमानाकडे सरकते. थंड करताना तेच उलट्या दिशेने होते. परिणाम असा, की कागदावर वितळणे आणि गोठणे यांच्यात मोठी दरी दिसते. त्यातली पदार्थाची किती आणि घाईची किती, हे त्या एका आलेखावरून कोणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली वेगवेगळ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी ऑक्टाडेकेनचे नमुने तपासून एक सामायिक पद्धत ठरवली. वेग निम्मा करत जायचे: १०, ५, अडीच, सव्वा. लागोपाठच्या दोन वेगांतले आलेख ०.२ अंशाच्या आत जुळले की थांबायचे. त्यापेक्षा मंद जाऊन हाती काही लागत नाही, उलट यंत्राचा संकेत क्षीण होतो. नमुना एकच घेऊ नये, किमान तीन डब्या भराव्यात. यंत्राचे कॅलिब्रेशन इंडियमवर केले आहे एवढ्यावरही समाधान मानू नये. इंडियम वितळते १५६.६ अंशांना आणि आपले काम चालते तिशीच्या खाली. गॅलियम २९.७६ अंशांना वितळते, म्हणून घराच्या पीसीएमसाठी तेच तपासून घ्यावे. फक्त गॅलियम ॲल्युमिनियमला खाते, तेव्हा डबी वेगळी लागते.

डबीचा प्रश्न क्षारांच्या बाबतीत आणखी नाजूक आहे. जलयुक्त क्षारातले पाणी हाच त्याचा जीव. डबी नीट बंद नसेल तर तापवताना थोडे पाणी उडते आणि दुसऱ्या फेरीत तपासला जातो तो निराळाच पदार्थ. डबी चाचणीआधी आणि नंतर तोलावी. वजन घटले असेल तर तो निकाल रद्द समजावा. ही एक ओळ अहवालात नसेल, तर क्षाराच्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये.

डीएससीचा मूळ दोष त्याच्या गुणातच आहे. दहा मिलिग्रॅम म्हणजे चिमूटही नाही. पदार्थ गोठायला आत कुठेतरी पहिला स्फटिक धरावा लागतो आणि नमुना जितका लहान, तितकी ती शक्यता कमी. त्यामुळे डबीतला क्षार गोठणांकाच्या बराच खाली जाऊनही पातळ राहतो. याला अतिशीतन म्हणतात. तोच क्षार लिटरभर डब्यात बराच कमी हटवादीपणा करतो. नुसता डीएससीचा आलेख पाहून एखादा चांगला पदार्थ नापास होऊ शकतो तो असा.

इथे प्रयोगशाळेच्या टेबलावरची एक साधी पद्धत मदतीला येते. बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठातले झांग यिनपिंग आणि जियांग यी यांनी १९९९ मध्ये ती मांडली. तिला टी-हिस्ट्री म्हणतात. अभियांत्रिकीच्या किंवा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी करावा असा हा प्रयोग आहे. लागतात दोन सारख्या परीक्षानळ्या, दोन-तीन चांगले तापमापक, डेटा लॉगर, गरम पाण्याचे बाथ आणि स्थिर तापमानाची थंड पेटी. एका नळीत पीसीएम, दुसरीत शुद्ध पाणी. दोन्ही ४५-५० अंशांपर्यंत तापवायच्या, एकदम १५ अंशांच्या पेटीत टांगायच्या आणि दर काही सेकंदांनी तापमान नोंदवत राहायचे. नळ्या सारख्या असल्याने एकाच तापमानाला दोघींतून उष्णता सारख्याच गतीने बाहेर पडते. पाण्याची उष्माधारकता ठाऊक असते, म्हणून पाण्याची नळी हीच आपली मापपट्टी.

उदाहरणादाखल आकडे घेऊ. नळीत १५ ग्रॅम पाणी आहे आणि काच १० ग्रॅमची. ४५ वरून ३५ अंशांपर्यंत निवताना पाण्याने ६२७ ज्यूल सोडले, काचेने सुमारे ८०, एकूण ७०७. त्याला ७०० सेकंद लागले आणि पेटीशी सरासरी फरक २५ अंशांचा होता. सेकंद गुणिले अंश म्हणजे १७,५००. भागाकार केला की दर अंश-सेकंदामागे ०.०४०४ ज्यूल. आता दुसऱ्या नळीतले १२ ग्रॅम पीसीएम २७ अंशांवर ८२ मिनिटे रेंगाळले असे समजू. पेटीशी फरक १२ अंशांचा, वेळ सुमारे ४,९५० सेकंद, गुणाकार ५९,४००. त्याला ०.०४०४ ने गुणले की २,४०० ज्यूल, म्हणजे ग्रॅममागे २०० ज्यूल. हाच गुणाकार दर अर्ध्या अंशाच्या उतरणीसाठी करत गेले आणि दर वेळी काचेचा वाटा वजा केला, की पूर्ण तक्ता तयार होतो: कोणत्या तापमानाला किती उष्णता.

सोपे दिसते तिथेच चुका लपतात. पेटीचे तापमान अर्ध्या अंशाने हलले तर १२ अंशांच्या फरकात ती ४ टक्के चूक. साध्या थर्मोकपलची स्वतःची चूक तेवढी असू शकते, म्हणून बर्फ-पाण्याच्या शून्य अंशावर आणि एखाद्या भरवशाच्या तापमापकाशी ताडून तो आधी तपासावा. जमल्यास प्लॅटिनमचा घ्यावा. नळी बारीक असावी आणि तिच्यावर फोमचे आवरण असावे, म्हणजे उष्णता हळू जाते आणि मध्यभाग व कड यांचे तापमान जवळजवळ एक राहते. हे गृहीत धरूनच तर सगळे गणित मांडलेले आहे. पहिली चाचणी विकत आणलेल्या पीसीएमची करू नये. आधी शुद्ध ऑक्टाडेकेन किंवा हेक्झाडेकेन घ्यावे, ज्यांचे आकडे पुस्तकात पक्के आहेत. २४० च्या जागी २०५ आले तर दोष आपल्या मांडणीत आहे. सगळे नीट जुळवूनही दहाएक टक्के चूक धरून चालावे. मेण पेट घेते, तेव्हा बर्नरऐवजी पाण्याचे बाथ वापरावे.

टी-हिस्ट्रीचा आलेख अतिशीतनही उघड दाखवतो. तापमान गोठणांकाखाली घसरत जाते आणि पहिला स्फटिक धरताच एकदम उसळी मारून वर येते. ही घसरण किती खोल, ते लिहून ठेवावे. वर काढलेल्या रात्रीच्या हिशेबात २७ ऐवजी हाच खालचा आकडा धरायचा असतो. पदार्थ २३ अंशांना गोठू लागणार असेल, तर पुण्याच्या एप्रिलमधली रात्रही पुरत नाही. कॅल्शियम क्लोराइडमध्ये स्ट्रॉन्शियम क्लोराइडची थोडी भर घालतात ती यासाठीच; स्फटिक धरायला त्यात तयार बी मिळते.

तयार बोर्डाची गोष्ट वेगळी. जिप्सममध्ये मेणाच्या सूक्ष्म कॅप्सूल मिसळलेल्या असतील, तर त्यातली दहा मिलिग्रॅम भुकटी बोर्डाबद्दल काहीच सांगत नाही. चिमटीत कॅप्सूल जास्त आल्या की आकडा वाढतो, जिप्सम जास्त आले की घटतो. अशा वस्तूसाठी हीट फ्लो मीटर वापरतात. फूटभर किंवा त्याहून मोठा तुकडा दोन प्लेटांमध्ये ठेवून दोन्ही प्लेटांचे तापमान एकेक पायरी वाढवायचे, तुकडा स्थिरावेपर्यंत आत गेलेली उष्णता मोजायची आणि मग पुढची पायरी चढायची. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेचे सी १७८४ हे मानक २०१३ पासून याच पद्धतीचे आहे. बोर्ड विकणाऱ्याकडे शुद्ध मेणाचा नव्हे, बोर्डाचा आकडा मागावा आणि तोही चौरस मीटरचा. बीएएसएफच्या मायक्रोनल कॅप्सूल किलोमागे सुमारे ११० किलोज्यूल देत. आतल्या मेणापेक्षा बऱ्याच कमी, कारण कवचाचे वजन काही साठवत नाही. अशा ३ किलो कॅप्सूल घातलेला जिप्सम बोर्ड चौरस मीटरला सुमारे ३३० किलोज्यूलचा होतो. दोनशेच्या आकड्याने भारलेल्या माणसाने हे शांतपणे वाचावे.

आकड्यांची आणखी एक खुबी. काही पत्रकांत साठवणक्षमता १५ अंशांच्या पट्ट्यात मोजलेली असते. वितळण्याआधीची आणि नंतरची साधी तापण्याची उष्णताही त्यात मिळवलेली असते. मेणात ती किलोमागे सहज ३० किलोज्यूल होते. यात लबाडी नाही. जर्मनीची रुबिथर्म कंपनी हा पट्टा तक्त्यात स्पष्ट छापते. पण आपली खोली २४ ते २९ या पाचच अंशांत हलणार असेल, तर १५ अंशांचा आकडा तिला लागू होत नाही. आणि किती तापमानापासून किती तापमानापर्यंत, हेच लिहिलेले नसेल तर तो आकडा निरुपयोगी.

उष्णता वाहकतेचा विषय थोडक्यात. मेणाची वाहकता ०.२ वॅट प्रति मीटर प्रति अंशाच्या आसपास, म्हणजे फारच कमी. जाड थर लावला तर पृष्ठभाग वितळतो आणि आतला गाभा दिवसभर घट्टच राहतो. तप्त तार किंवा तप्त चकतीच्या पद्धतीने ती मोजताना यंत्र स्वतः थोडी उष्णता सोडते. द्रवणांकाच्या जवळ ती उष्णता मेण वितळवण्यात खर्च होते आणि वाहकता खोटी येते. म्हणून द्रवणांकापासून पाच-दहा अंश दूर, घन आणि द्रव अवस्थेत वेगवेगळे मोजावे. घनता मोजायला विसरू नये. वितळताना मेण दहा टक्क्यांच्या आसपास फुगते आणि काठोकाठ भरलेले पाउच पहिल्याच उन्हाळ्यात फुटतात.

सगळ्यांत महाग पडणारी चूक मात्र वर्षांच्या हिशेबात होते. अमेरिकेत मॅसेच्युसेट्सच्या डोव्हर गावी १९४८ मध्ये मारिया टेल्क्स या शास्त्रज्ञ बाईंनी आणि वास्तुविशारद एलेनॉर रेमंड यांनी सूर्याच्या उष्णतेवर चालणारे घर उभे केले; खर्च अमेलिया पीबडी यांनी उचलला. घरात सुमारे २१ टन ग्लॉबर क्षार, म्हणजे असाच एक जलयुक्त क्षार, डब्यांत भरलेला होता. तो ३२.४ अंशांना वितळतो, अप्रकट उष्मा २५० च्या वर, किंमत किरकोळ. सुरुवातीचे हिवाळे बरे गेले. पुढे घर थंड पडू लागले, डबे गंजून गळू लागले आणि शेवटी नेहमीची भट्टी बसवावी लागली. कारण साधे होते. हा क्षार वितळताना त्यातला थोडा भाग पाण्यात न विरघळता तळाशी बसतो, आणि गोठायच्या वेळी वरचे पाणी व खालचा गाळ पुन्हा पुरते एकत्र येत नाहीत. प्रत्येक फेरीत थोडी साठवण घटत जाते. दहा मिलिग्रॅमच्या डबीत तळ आणि माथा यांत मिलिमीटरचेही अंतर नसते, त्यामुळे तिथे हा दोष दिसणारच नाही. क्षाराची चाचणी ज्या उंचीच्या डब्यात तो बसणार आहे, त्याच उंचीच्या डब्यात उभी करावी.

फेऱ्या किती घ्याव्यात? वर्षातले चार महिनेच पीसीएम कामाला लागते असे धरले, तरी वीस वर्षांत २,४०० फेऱ्या होतात. बारमाही वापर असेल तर ७,३००. जर्मनीत पीसीएमसाठी आरएएल ही गुणवत्तेची खूण आहे. तिच्या ए वर्गाला १०,००० फेऱ्या लागतात, सी वर्गाला १,०००, आणि सर्वांत खालच्या एफ वर्गाला फक्त ५०. खूण पाहून खूश होण्याआधी अक्षर वाचावे. ५० फेऱ्या म्हणजे दोन महिनेही नाहीत.

तक्ता हाती आल्यावर तो वापरायचाही असतो. इमारतीच्या ऊर्जेचा हिशेब मांडणारी अमेरिकी ऊर्जा खात्याची एनर्जीप्लस ही संगणक प्रणाली मोफत मिळते. तिच्या नेहमीच्या गणनपद्धतीत पदार्थाचे गुणधर्म स्थिर धरलेले असतात, म्हणून पीसीएमसाठी फायनाइट डिफरन्स पद्धत निवडावी लागते आणि वेळेची पायरी तीन मिनिटे किंवा त्याहून लहान ठेवावी लागते. तिथे एकच द्रवणांक देऊन भागत नाही; तापमान आणि एन्थाल्पी (त्या तापमानापर्यंत साठलेली एकूण उष्णता) यांच्या जोड्या भराव्या लागतात, जास्तीत जास्त सोळा. त्यातल्या बहुतेक जोड्या जिथे आलेख उभा चढतो त्या तीन-चार अंशांत खर्च कराव्यात. गोठण्याचा आलेख वेगळा असेल तर तोही भरावा. नव्या आवृत्त्यांत तशी सोय आहे.

खरेदीच्या पत्रात म्हणून चार गोष्टी लेखी मागाव्यात: वितळण्याचा आणि गोठण्याचा, अर्ध्या किंवा एका अंशाच्या टप्प्याचा तक्ता; नमुन्याचे वजन आणि तापवण्याचा वेग; फेऱ्यांची संख्या व त्यांआधीचे आणि नंतरचे आकडे; आणि तयार वस्तूची चौरस मीटरमागची साठवण. प्रत्येक लॉटमधला अर्धा किलो सीलबंद करून ठेवावा, म्हणजे पुढे वाद झाला तर तपासायला काही हाती राहील. विक्रेता तक्ता देत नसेल तर ऑर्डर थांबवावी, शंभर ग्रॅम नमुना मागून घ्यावा आणि जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या दारात जावे. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधणारे विद्यार्थी तिथे दरवर्षी असतातच.